तार, टाका आणि नरसय्याचा पाय

चादरींसाठी प्रसिद्ध असलेल्या एका शहरात रक्तवाहिन्यांच्या एक निष्णात शल्यविशारद होत्या. त्यांचे नाव डॉ. हेमांगी केळुसकर. नरसय्या विणकराचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा, हा निर्णय त्यांनीच दिला होता.

मधुमेहामुळे नरसय्याच्या पायाची धमनी तुंबली होती. करंगळी काळी पडली होती आणि तो रुग्णालयात आला, तोही उशिराच. मांडीतल्या धमनीतून बारीक तार सरकवायची आणि इवल्याशा फुग्याने तुंबलेली वाट मोकळी करायची, यात हेमांगीबाईंचा हातखंडा होता. या वेळी मात्र तार पुढे सरकेना.

त्यांचा निर्णय ऐकून नरसय्याची बायको अंबुबाई रडू लागली. "बाई, मागाच्या पावड्या दोन पायांनी दाबायच्या असतात हो!"

"एका पायानं विणीन की. चादर जरा लंगडी निघेल, एवढंच," नरसय्या म्हणाला. "अगं, बाईच नाही म्हणाल्या, म्हणजे जगात उपाय नाहीच."

हा विश्वास हेमांगीबाईंच्या जिव्हारी लागला. कारण उपाय होता. रुग्णाच्याच पायातली एक शीर काढून ती अडथळ्याच्या वर आणि खाली धमनीला शिवली, की रक्ताला वळसा घालून जाता येते. ही शस्त्रक्रिया त्या एके काळी करीत असत. तार हाती आली आणि त्यांनी ही शस्त्रक्रिया सोडली. मग त्यांच्या विद्यार्थ्यांना ती पाहायलाही मिळाली नाही. "मला आता जमत नाही" असे म्हणण्याऐवजी त्या "उपाय नाही" असे म्हणून बसल्या होत्या.

ही विद्या टिकवली होती त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने, डॉ. इरफान मुजावर यांनी. शेजारच्या जिल्ह्यातील त्यांच्या रुग्णालयात तारेची यंत्रणा नव्हती, म्हणून ते शिवतच राहिले. मागच्या परिषदेत हेमांगीबाईंनी त्यांना चारचौघांत विचारले होते, "काय मुजावर, शिवणकाम चालू आहे ना?" आता त्यांनाच बोलवायचे, तेही विद्यार्थ्यांदेखत!

त्या क्षणभर घुटमळल्या. मग त्यांनी फोन लावला.

"येतो, मॅडम. शिलाई मशीनही आणू का?"

"टोमणे मारायलाही माझ्याच हाताखाली शिकलास! लवकर ये. टाके तू घाल, मी मदतनीस म्हणून उभी राहते."

नरसय्यालाही त्यांनी खरे ते सांगितले. "उपाय आहे. मला जमत नाही. ज्यांना जमतो, ते येत आहेत."

"मग कापायची घाई कशाला करत होता, बाई?" अंबुबाई फणकारली. हेमांगीबाईंनी ते ऐकून घेतले.

शस्त्रक्रियेच्या वेळी त्या जखमेच्या कडा धरून उभ्या राहिल्या. त्यांचे विद्यार्थी पाहत होते. मुजावरांनी केसासारख्या दोऱ्याने शीर शिवली आणि रक्त अडवून धरणारे चिमटे सोडले. हेमांगीबाईंनी नरसय्याच्या पावलावर बोट ठेवले. नाडी लागली. त्यांचे डोळे भरून आले.

करंगळी गेली, पाय राहिला. घरी निघताना नरसय्याने हेमांगीबाईंना हात जोडले.

"हात यांना जोडा," त्या मुजावरांकडे बोट दाखवत म्हणाल्या.

"पहिला टाका मला मॅडमनीच शिकवला," मुजावर म्हणाले. "त्यांनाच जोडा."

"तुमचं ठरेपर्यंत रिक्षावाला निघून जाईल!" असे म्हणत अंबुबाईने दोघांनाही वाकून नमस्कार केला.

पुढे विभागाची बैठक झाली. तिला मुजावरांनाही बोलावले होते. दुसऱ्या पद्धतीच्या जाणकाराला विचारल्याखेरीज कोणाचाही पाय कापायचा नाही, असे ठरले. विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने मुजावरांकडे जाऊन टाका शिकावा आणि मुजावरांनी इकडे येऊन तार शिकावी, हेही ठरले. विभागाच्या संशोधनात वाचलेल्या पायांबरोबर गमावलेले पायही मांडावेत, असे हेमांगीबाईंनी सुचवले, तेव्हा मात्र कुजबुज झाली.

"अशाने विभागाचे नाव खराब होईल," एक सहकारी म्हणाले.

"यादीत पहिले अपयश माझे लिहा," हेमांगीबाई म्हणाल्या.

त्यावर सर्वांनी होकार दिला. पहिला हात मुजावरांचा वर गेला होता.

तात्पर्य: आपल्याला जमत नाही, म्हणून उपायच नाही असे कधी म्हणू नये. ज्याला जमते त्याला मानाने बोलवावे आणि त्याचे उपकार मानावेत, मग तो आपला विद्यार्थी का असेना.