खडकावरचा सत्कार

एका जंगलात उंच खडकावर एक कॉलेज भरत असे, आणि त्यात एक खार शिकत असे. खडक असा उभा, की ज्याला चढता येईल त्यालाच विद्या. कासव रोज पहाटे निघायचं आणि अर्ध्यात पोचेस्तोवर कॉलेज सुटायचं. चिचुंद्री चढायची, पण अंगाला वास येतो म्हणून तिला कुणी शेजारी बसू देत नसे. याची कुणाला लाज नव्हती. खारीला मात्र चीड आली. ती चिचुंद्रीला खेटून बसू लागली, कॉलेज सुटल्यावर कासवाला धडा सांगू लागली, आणि रोज प्राचार्य हत्तीच्या कानाशी जाऊन एकच म्हणू लागली, "सर, वर्ग खाली घ्या." महिनाभर तिने पिच्छा सोडला नाही. शेवटी हत्ती कंटाळून हो म्हणाला. तिने सगळ्यांना हाताशी धरून तळ्याकाठचे काटे उपटले, जागा झाडली. वर्ग खाली आला. पुढे वर्षभर कासवाने एक दिवस चुकवला नाही.

परीक्षा पंधरा दिवसांवर आली, तेव्हा कोल्हा जागा झाला. हा सत्कार समितीचा अध्यक्ष. काटे उपटताना हा कुठे होता, ते मला विचारू नका. "खारीने सर्वांना सोबत घेतलं, तिचा सत्कार झालाच पाहिजे," म्हणाला. आणि सत्कार ठेवला कुठे? खडकावर. तिथे वारा छान येतो म्हणे. अरे, अक्कल काय तळ्यात बुडवली होती? शिवाय चिचुंद्रीला पायथ्याशीच अडवलं. "ताई, तू आज झुडपामागे बस हं. पाहुणे यायचेत."

हत्ती धापा टाकत वर चढला. खारीच्या अंगावर शाल पडली, ती एवढी मोठी की आतली खार दिसेना. कोल्हा मनसोक्त बोलला आणि शेवटी म्हणाला, "आता आनंदाची बातमी. खारीचं कार्य पूर्ण झालं. उद्यापासून कॉलेज पुन्हा इथेच, खडकावर." टाळ्या पडल्या. कशाला वाजवतोय, हे एकानेही पाहिलं नाही.

खारीने शालीतून तोंड बाहेर काढलं. "कासव कुठाय?"

"येईल मागाहून. तू आधी नारळ धर."

"आज येईल, न येईल. उद्या कसं येणार? परीक्षा जवळ आलीय त्याची."

"तुझा सत्कार चाललाय बाई, त्याचा नाही. पाहुण्यांसमोर तमाशा नको."

खारीने शाल तिथेच टाकली आणि सरळ खाली उतरली. पायथ्याशी कासव पाठीवर उलटं पडलं होतं. सत्काराला यायचं म्हणून पहिला दगड चढायला गेलं आणि घसरलं. चिचुंद्री एकटीच त्याला ढकलत होती. दोघींनी मिळून ते सरळ केलं. कासव म्हणालं, "माफ कर गं, टाळ्या वाजवायला पोचलो नाही." खार तळ्याकाठी आपल्या जागेवर जाऊन बसली. वरून हे सगळ्यांनी पाहिलं. आधी ससे उतरले, मग माकडं, मग मान खाली घालून मोर.

कोल्हा हत्तीला म्हणाला, "सर, तुम्ही तरी दोन शब्द बोला."

"बोलतो. वर्षभर माझे गुडघे दुखले नाहीत. मला वाटलं, झाडपाल्याच्या औषधाचा गुण. आज चढलो आणि पुन्हा ठणकायला लागले. तेव्हा कुठे कळलं, त्या पोरीने माझंही काम केलं होतं. कॉलेज खालीच भरेल."

"मग या शालीचं काय करू?"

"खाली घेऊन ये. चिचुंद्रीला बसायला अंथर. आणि तिच्या शेजारी तू बस."

तात्पर्य : सर्वांना सोबत नेणाऱ्याचा मान ठेवायचा असेल, तर त्याने उघडलेली वाट उघडी ठेवा. वाट बंद करून शाल पांघरणं हा सत्कार नव्हे, अपमान आहे.