अडकलेली होडी आणि अंतोबाची पोथी

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी की तिच्यातलं गाव आता कुठे सापडत नाही. तिच्यातले म्हातारे मात्र अजून घरोघरी आहेत, म्हणून सांगतो.

त्या गावाला नदी नव्हती. डोंगरमाथ्यावरची वस्ती, पाण्याला एक टाकं. म्हणूनच असेल, बाजाराच्या दिवशी दुपारी लोक चिंचेखाली बसून नदीचा खेळ खेळायचे. एकजण सांगायचा, “समोर नदी आहे, पाणी चढतंय. काय करता?” बाकीचे आपापलं सोंग घेऊन उत्तर द्यायचे. कुणी नावाडी, कुणी चोर, कुणी राजा. जमेल की नाही असा संशय आला, की पाच कवड्या टाकायच्या. जास्त उताण्या पडल्या तर जमलं. संपले नियम.

आणि गावाची एक रीत होती. स्वतःच्या तोंडानं जे बोलवत नाही, ते सोंगाच्या तोंडानं बोलायचं. खेळात मागितलेली माफी खरी धरली जायची आणि नंतर त्यावरून कुणी चिडवायचं नाही. या एका रीतीवर कितीतरी संसार तगले होते.

मग एकदा गंगू नावाच्या बाईचं सोंग डोक्यावर बकरी घेऊन नदी पोहून गेलं. भांडण झालं. खेळ सांगणारा अंतोबा हा गावातला शहाणा माणूस. त्यानं नियम लिहिला: डोक्यावर बकरी असल्यास एक कवडी कमी.

आता चार कवड्या टाकल्या की दोन उताण्या आणि दोन पालथ्या पडू शकतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. अंतोबाला ते आठ दिवसांनी कळलं. मग त्यानं बकरीचा नियम काढून टाकला असेल? छे. बरोबरी झाल्यास काय करावं, याचा दुसरा नियम लिहिला. त्याला फाटे फुटले म्हणून तिसरा. जोडीला आणखी चार म्हातारे मान डोलवायला होतेच.

चाळीस वर्षांत पोथी एवढी फुगली की ती चिंचेखाली आणायला दोन माणसं लागू लागली. एकही नियम कधी खोडला नाही. ज्याच्या भांडणातून नियम निघाला त्याचं नाव त्याला दिलेलं, त्यामुळे नियम खोडणं म्हणजे माणूस खोडण्यासारखं. पानं उलटताना अंतोबा मधेच थांबायचा. “ही गंगूची बकरी,” म्हणायचा. “गंगू गेली. बकरी आहे.” आणि डोळे पुसायचा.

अशा माणसावर धड रागावताही येत नाही. म्हातारे वाईट असते तर सगळं किती सोपं झालं असतं.

त्याच गावात तुळसा नावाची कुंभारीण होती आणि रखमाजी नावाचा लोहार. सहा वर्षांपूर्वी तुळसाचं चाक मोडलं. “लोखंडच कुचकं घातलंस,” असं ती भर बाजारात रखमाजीला बोलली. तो पाठ फिरवून निघून गेला. पुढं तिनं चाक उलटून पाहिलं, तर लाकूड आतून किडलेलं. तिचंच लाकूड. लोखंड धड होतं.

खेळात तुळसा नावाडीण होती आणि रखमाजी पलीकडच्या काठावर दिवा लावणारा. माफी मागायला तिनं होडी पाण्यात घातली. मधोमध गेल्यावर सोसाट्याचा वारा सुटला आणि अंतोबानं पोथी उघडली. होडीचेच त्रेचाळीस नियम. वारा समोरून असेल तर, वल्हं एकच असेल तर, वल्हवणारी बाई असेल तर. एक नियम दुसऱ्याकडे बोट दाखवी आणि दुसरा पहिल्याकडे. होडी तीन वर्षं मधोमध उभी राहिली. पोरं कंटाळून विटीदांडू खेळायला गेली. म्हातारे म्हणाले, हल्लीच्या पोरांना धीरच नाही.

त्यातच रखमाजीला दमा जडला. लेक त्याला आपल्या गावी न्यायला आली. गाडी जुंपून उभी होती, उन्हं कलली की निघायचं. रखमाजी म्हणाला, “एक डाव बसू दे.” त्याची बाज चिंचेखाली आणून ठेवली.

“दादा, आज मला पलीकडे जाऊ द्या,” तुळसा म्हणाली.

“नियम बघतोय ना, तुळसे,” अंतोबा पानं उलटत म्हणाला. “घाईत चूक होते.”

“तीन वर्षं बघताय.”

“नीट बघतोय म्हणून तर.”

सावली बाजेच्या पायापाशी आली. रखमाजीला खोकल्याची उबळ आली. लेक पुढं झाली आणि अंतोबाला म्हणाली, “काका, बस झालं. वाट लांबची आहे.”

तुळसानं एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा पोथीकडे. मग म्हणाली, “दादा, मी होडीतून उडी मारली.”

“काय?”

“होडी तुमच्याकडे राहू द्या. मी पोहत निघाले.”

अंतोबा गडबडला. “थांब, थांब. पोहण्याचा नियम...”

“माझ्या डोक्यावर बकरी आहे का?”

अंतोबानं तिच्या डोक्याकडे पाहिलं. “नाही,” तो म्हणाला.

“मग पाच कवड्या द्या इकडे.”

तिनं कवड्या टाकल्या. तीन उताण्या, दोन पालथ्या. विटीदांडू खेळणारी पोरं धावत येऊन उभी राहिली होती.

“दिवेवाल्या,” तुळसा म्हणाली, “तुझ्या दिव्याला मी काजवा म्हणाले. दिवा चांगला होता. माझेच डोळे किडले होते.”

सगळ्या गावाला कळलं, कुठल्या दिव्याची गोष्ट चालली आहे.

रखमाजीनं दम खाल्ला. “भिजून आलीस, नावाडणी,” तो म्हणाला. “बस दिव्यापाशी.” आणि हसता हसता पुन्हा खोकला.

उन्हं कलली आणि गाडी निघाली. महिनाभरानं रखमाजी गेल्याचा निरोप आला.

गाडी गेली त्या दिवशी, ती दिसेनाशी झाल्यावर अंतोबानं सवयीनं बोरू दौतीत बुडवला होता. ‘होडीतून उडी मारल्यास...’ एवढं त्याच्या मनात आलं. बोरू तसाच हातात राहिला आणि शाई वाळून गेली.

पुढं पोथी अंतोबाच्या घरीच राहिली. वर्षातून एकदा तो ती उघडून वाचून दाखवायचा आणि गंगूच्या बकरीला गाव पोट धरून हसायचं. चिंचेखाली मात्र पाच कवड्याच यायच्या. तेवढं शहाणपण यायला चाळीस वर्षं लागली आणि त्यातली तीन रखमाजीची होती.

तात्पर्य: नियम कितीही मायेनं लिहिलेला असो, माणसाची माणसाकडे जाण्याची वाट तो अडवू लागला की बाजूला ठेवावा.