नमुन्याचं घर

बिल्डर कोठावद्यांच्या नुसत्या शब्दावर म्हणे अर्धं नाशिक घर घेत असे. दिनकरराव पिंगळ्यांनीही पूर्वी एका बिल्डरच्या शब्दावर घर घेतलं होतं. झोपाळा मावेल म्हणून सांगितलेल्या गॅलरीत जेमतेम बादली मावली, आणि झोपाळ्याची हौस मनात ठेवूनच त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई गेल्या.

म्हणून या खेपेला सही करण्याआधी दिनकरराव म्हणाले, "गॅलरीचं माप करारात लिहा."

कोठावदे हसले. "काका, आत्ताच नमुन्याचं घर बघून आलात ना? तुमचं अगदी तस्संच होणार. तसूभर फरक नाही. मग लिहायचं कशाला?"

"फरकच नाही ना? मग मला ते नमुन्याचंच द्या. माझं बांधून झालं की ते लोकांना नमुना म्हणून दाखवा."

ऑफिसात बसलेल्या बाकीच्या गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. कोठावद्यांनी करारात माप लिहिलं.

गॅलरी ऐसपैस झाली. दिनकररावांनी दोघांच्या मापाचा झोपाळा टांगला आणि एका कडेला बसले.

"काका, काय बिनतोड उत्तर दिलंत त्या दिवशी," तेव्हा ऑफिसात बसलेला आणि आता शेजारी झालेला एक जण म्हणाला.

झोपाळ्यावरच्या मोकळ्या जागेवर हात फिरवत दिनकरराव म्हणाले, "दिलं खरं. पण एक घर उशिरा."