गुरुजींचा कुंचला आणि माहेरचा भोपळा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला ठाऊक नाही. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. शाळेतून म्हातारपणी मोकळे झालेले एक गुरुजी तिथे एकटेच राहत. सकाळी ओट्यावर मुलांना शिकवायचे, उन्हं चढली की तिथेच चित्रं काढत बसायचे. समोरचा डोंगर, ओढा, कुणाचं शेत, कुणाचा मांडव. दिसेल ते.

त्यांच्या शेजारी एक बाई राहायची. मनाने चांगली, हाताने सढळ. पण कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे कळल्याशिवाय तिला घास उतरत नसे. तिच्या परसात भोपळ्याचा वेल होता. बी तिच्या माहेरचं. आई गेली, माहेर मोडलं, मागे उरलं ते एवढंच. त्यात यंदा उंदरांनी बियांचं गाडगं फस्त केलं. हाती लागलं तेवढं बी तिने पेरलं होतं. या वेलावर फळ धरलं नाही, तर माहेरचं बी कायमचं संपणार होतं.

त्या गावात समजूत अशी, की कोवळ्या फळाकडे बोट दाखवलं तर ते कुजतं. दाखवायचंच झालं तर बोट मुडपून दाखवायचं.

वेलाला कळ्या आल्या आणि एके दिवशी बाईने पाहिलं, तर गुरुजी एक डोळा मिटून, हात लांब करून, कुंचला सरळ तिच्या परसावर रोखून बसलेले!

"काय मापताय हो गुरुजी?"

"तुमचा मांडव, वहिनी. डोंगराच्या मानाने केवढा दिसतो ते बघतोय."

"मांडवच ना? की मांडवावरचं?"

गुरुजी नुसते हसले. ते हसणं बाईच्या डोक्यात घर करून बसलं. का हसले असतील?

परसाला तीन बाजूंनी भिंती होत्या. चौथी बाजू गुरुजींच्या ओट्याकडे उघडी. बाईने जुनी लुगडी एकाला एक शिवली आणि ती बाजू वरपासून खालपर्यंत बंद करून टाकली, उरलेली मांडवावरूनही पांघरली.

पुढे सुपारीएवढं फळ दिसलं, पिवळं पडलं, गळलं. मग दुसरं. मग तिसरं.

"बोटाने एक फळ कुजतं," बाई पाणवठ्यावर म्हणाली, "हे तर कुंचला रोखतात! लुगड्यातूनसुद्धा नजर आत येते, म्हणजे बघा!"

"अगं बाई!" कुंभारीण म्हणाली. "माझा रांजण काढला होता त्यांनी चित्रात. परवाच तडकला."

"काढला कधी होता?"

"झालं की वर्ष."

"मग बरोबर. भिनायला वेळ लागतो."

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर मुलं कमी होत गेली. पुढे ओटा ओसच पडला. बाईने परसाला लुगड्यांचा आणखी एक थर चढवला. तरी फळं गळतच राहिली.

एका दुपारी गुरुजी ओढ्यावर गेलेले पाहून बाई त्यांच्या घरात शिरली. दडवलेलं काय आहे, एकदा बघायचंच होतं तिला. दारातच बांधलेलं गाठोडं होतं. भिंतीला चित्रं टेकवलेली. एकात तिचंच मागच्या वर्षीचं परस, मांडवाला सोनेरी भोपळे लटकलेले. शेजारी यंदाचं चित्र. त्यात वेल नव्हता, नुसती लुगडी. आईच्या हिरव्या लुगड्याचा तुकडासुद्धा जसाच्या तसा. आणि त्यावर बारीक काळे ठिपके कसले?

बाई वाकली. मधमाश्या होत्या. सगळ्या बाहेरच्या बाजूने लुगड्याला चिकटलेल्या, आत जायला वाट शोधत.

वेल वाढवण्यात तिचा जन्म गेला होता. फुलात माशी शिरली नाही तर फळ धरत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. 

तेवढ्यात गुरुजी आले. रागावले नाहीत. म्हणाले, "यंदा लुगडंच दिसलं वहिनी. दिसलं ते काढलं."

"हे गाठोडं कशाला?"

"मुलंच येत नाहीत, तर इथे कुणासाठी राहू? ओढ्यापलीकडच्या गावी जातो."

बाई धावत गेली आणि तिने पडदा टराटरा फाडला. पण फुलांचे दिवस सरले होते. वेल सुकू लागला होता.

ती परत आली. "गुरुजी, तुमचा ओटा मीच ओस पाडला. आणि माझं माहेरचं बीही मीच संपवलं."

गुरुजींनी गाठोडं सोडलं, एक पुरचुंडी काढून तिच्यापुढे धरली. "मागच्या वर्षी तुम्ही मला भोपळा दिला होतात. भाजी केली, बी टाकवलं नाही."

बाईने हात पुढे केला आणि मागे घेतला. "आत्ता नको. आधी मुलं आणते."

ती दारोदार फिरली. पाणवठ्यावर जे हसत पसरवलं होतं, ते प्रत्येक उंबऱ्यावर मान खाली घालून परत घ्यावं लागलं.

"मग माझा रांजण?" कुंभारणीने विचारलं.

"तो तू कच्चा भाजला होतास!"

बरीच मुलं परतली. काही घरांची दारं मात्र उघडलीच नाहीत. तरी गुरुजी राहिले. तेव्हा कुठे बाईने ती पुरचुंडी घेतली.

पुढच्या वर्षी मांडव पुन्हा भरला. परसाला पडदा नव्हता. पहिलं कोवळं फळ दिसलं तशी बाईने ओट्याकडे हाक मारली आणि चांगलं सरळ बोट करून म्हणाली, "गुरुजी, तो बघा! आधी तो चित्रात काढा!"

तात्पर्य: संशयाचा पडदा दुसऱ्याची नजर अडवत नाही, आपल्याकडे येणारं चांगलं तेवढं अडवतो.