वल्ह्याला लावलेला कान

“…मग पिल्लं गेली कुठे, आजो?”

हेमांगी केरकरने तिसऱ्यांदा विचारलं. होडीचं सुकाणू धरून बसलेला म्हातारा सगुण तांडेल नुसता खाडीकडे बघत राहिला.

पाण्यात ध्वनिलहरी सोडून माशांची पिल्लं कुठे जमतात ते शोधायचं, हा हेमांगीचा विषय. त्यात ती डॉक्टर झाली होती. मासळीतलं सगुणइतकं कुणाला कळत नाही असं ऐकून ती शिकायला म्हणून आली, आणि तीन दिवस त्यालाच शिकवत बसली होती.

अकरा वेळा खाडी पालथी घालून झाली. यंत्राचा पडदा कोरा. ‘पिल्लं आढळली नाहीत’ असा अहवालही तयार होता, फक्त सही राहिली होती. ती झाली की मासेमारीवरची बंदी उठून सोमवारपासून मोठी जाळी खाडीत शिरणार होती.

“तुम्ही म्हणता पिल्लं आहेत. यंत्र कशाला खोटं बोलेल?”

“यंत्र खोटा बोलणा नाय.”

“मग?”

सगुणने वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवलं आणि दांडा तिच्यापुढे केला.

“कान लाव.”

जुने तांडेल, म्हणजे होड्यांचे म्होरके, असा माशांचा कानोसा घेतात, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. वाचून हसलीही होती. आता म्हाताऱ्याचं मन राखायला तिने कान लावला.

“काय आयकाक येता?”

“मासेबिसे काही नाही. आपलं इंजिनच घरघरतंय. केवढा आवाज…”

ती बोलता बोलता थांबली.



तिने स्वतःच हात लांबवून इंजिन बंद केलं…

अर्धा तास गेला. होडी डुलत राहिली. बॅटरीवर चालणाऱ्या पडद्यावर आधी बारीक भुरकट ठिपके उमटले, मग त्यांचा दाट पट्टा झाला. होडीखाली पिल्लंच पिल्लं होती.

“आली! आजो, आली!”

ती लहान पोरीसारखी ओरडली. मग तिला अहवाल आठवला. तो काढून तिने ‘पिल्लं आढळली नाहीत’ ही ओळ खोडली.

“सगळी खाडी परत मोजायला हवी. इंजिनाशिवाय. सोमवारच्या आत कसं जमणार? सांगा ना, मी काय करू?”

म्हातारा सरकला. वल्ह्यापाशी त्याने तिला जागा करून दिली.

“आधी वल्हवूक शिक.”