यमाच्या पंगतीला येसूआजी

चिंचवलीच्या रखमाजी आचाऱ्याला यमाने वेळेआधीच उचलला, आणि तोही चुलीपुढून, देहासकट.

त्याचं कारण असं. यमाच्या दारातल्या रांगेत प्रत्येकाला विचारत, "काय पुण्य केलंस?" चिंचवलीकडचा माणूस असला की पुण्याचं राहू दे बाजूला, तो सांगे, "महाराज, भाचीच्या लग्नात रखमाजीच्या हातचं भरलं वांगं खाल्लं. त्यानंतर काही करायचं उरलंच नाही." एकाने सांगितलं, दुसऱ्याने सांगितलं. यमाच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याच्या स्वयंपाकघरात सगळंच करपलेलं, कारण तिथला विस्तव पापी लोकांसाठी पेटवलेला. शेवटी त्याने दूत धाडला.

दूत रखमाजीला घेऊन निघाला, तशी त्याची मुलगी धुरपा मागोमाग चालू लागली.

"ए पोरी, मागे फीर. जिवंत माणसाला तिकडे मज्जाव आहे."

"आबांना स्वयंपाकाला नेताय ना? मग त्यांचा झारा राहिला. दुसऱ्या झाऱ्याने त्यांच्या हाताला चव येत नाही. महाराजांनी विचारलं तर काय सांगाल?"

दूत विचारात पडला. महाराजांचं जेवण बिघडल्याचा ठपका कोण घेणार? झारा घेऊन धुरपा थेट दरबारात पोचली.

"झारा पोचला. आता जा," यम म्हणाला.

"आबांना घेऊन जाते. त्यांची वेळ झालेली नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे."

"इथे चूक होत नाही."

"मग मुद्दाम केलंत म्हणायचं."

यमाच्या मिशा थरथरल्या. पण भर दरबारात चोर ठरणं त्याला परवडणारं नव्हतं. "ठीक आहे," तो म्हणाला. "मला जेवायला वाढ. मी 'पुरे' म्हणालो तर बापाला घेऊन जा. नाही म्हणालो, तर तूही इथेच राहून भांडी घासायची."

दूत फिदीफिदी हसले. यमाने पुरे म्हटलेलं आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

चुलीपाशी रखमाजीने कपाळाला हात लावला. "धुरपे, काय कबूल करून बसलीस? अख्ख्या तालुक्याला मी पोटभर वाढीन. पण याच्या पोटात राजे गेले, राज्यं गेली, तरी तळ दिसला नाही."

"आबा, तुम्ही वांगी भरा. पुरे म्हणायला पोटच भरावं लागतं, असं थोडंच आहे?"

पाट मांडताना तिने यमाला विचारलं, "महाराज, एकट्याच्या जेवणाला आमच्यात पंगत म्हणत नाहीत. शेजारी कोणीतरी हवं. आणि रीत तीच ना? सगळ्यांचं होईपर्यंत कोणी उठायचं नाही?"

"मला रीत शिकवतेस? पंगतीतून आधी उठणाऱ्याला मी स्वतः कढईत तळतो."

"ते ऐकून होते, म्हणूनच विचारलं."

धुरपा दारातल्या रांगेपाशी गेली. तिथे तिच्याच गावची येसूआजी उभी होती, नुकतीच आलेली, तोंडात एकही दात नाही. धुरपाने तिला हाताला धरून आणलं आणि यमाच्या शेजारच्या पाटावर बसवलं.

जेवण सुरू झालं. भाताचे डोंगर गेले, आमटीचे हंडे गेले. "आणखी?" धुरपा विचारी. "आणखी," यम म्हणे. शेवटचं वांगंही संपलं. यमाने मिशीवरून हात फिरवला.

"संपलं? म्हणालो का मी?"

"नाही महाराज. पण पंगत उठायची आहे अजून. आजींचं होऊ दे."

यमाने शेजारी पाहिलं. येसूआजीच्या पानावर जवळजवळ अख्खी भाकरी होती. तिने एक तुकडा आमटीत कुस्करून तोंडात ठेवला होता आणि हिरड्यांनी ती तो घोळवत होती.

यम थांबला. त्याचा उष्टा हात वाळला. पाय आखडले. दूत हुकमाची वाट पाहत भिंतीला टेकून पेंगू लागले. पृथ्वीवर माणसं मरेनाशी झाली आणि गावोगावचे वैद्य त्याचं श्रेय घेऊ लागले.

"आजी, जरा आटपा."

"अरे बाबा, आटपायला दात असते तर तुझ्याकडे कशाला आले असते?" येसूआजीने दुसरा तुकडा मोडला. "बरं, थोरल्या सुनेचं तुला सांगायचंच राहिलं. तिच्या माहेरापासून सुरुवात करते."

तिने माहेरापासून सुरुवात केली. सुनेच्या आत्यापाशी आली, तिथून आत्याच्या म्हशीपाशी.

"पुरे!" यम ओरडला. "आजी, पुरे करा आता!"

धुरपाने झारा खाली ठेवला. "ऐकलंत सगळ्यांनी?"

"मी म्हातारीला म्हणालो," यम गुरगुरला. "जेवणाला नाही. बसून बसून जीव विटला म्हणून म्हणालो."

"महाराज, या आजीही खाटेवर पडून पडून जीव विटला म्हणूनच म्हणत होत्या. पुरे झालं देवा, आता ने. रोज म्हणायच्या, सगळ्या आळीला ऐकू जायचं. तुम्ही वर्षानुवर्षं ऐकलं नाहीत. आणि आबा एकदाही पुरे म्हणाले नव्हते, त्यांना हातातल्या कामासकट उचललंत. पुरे कोणीही म्हणो, कशालाही म्हणो, ते ऐकायचं असतं. तुमचं मी पहिल्या हाकेला ऐकलं."

"पोर खरं बोलते रे," येसूआजी घास घोळवत म्हणाली.

दूतांनी माना खाली घातल्या.  मग यमाच्या पोटात कुठेतरी खोल गुडगुडलं आणि तो हसायला लागला. इतका हसला, की मुकुट घरंगळून आमटीच्या हंड्यात पडला. त्याने रखमाजीला सोडलं, धुरपाला आपल्या गळ्यातला हार दिला आणि दोघांना घरी पोचवायला स्वतःचा रेडा दिला.

रेडा चिंचवलीत शिरला तेव्हा रखमाजीच्या तेराव्याची पंगत नुकतीच बसली होती. रेड्याला ओळखून सगळे सोयरे भरल्या पानांवरून पळाले. बापलेक हात धुऊन निवांत जेवायला बसले.

रखमाजीने पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "माझ्या तेराव्याला एवढी अळणी आमटी? कोणाला बोलावलं होतं स्वयंपाकाला?"