पाणकोंबडीचा दम

नदीच्या वळणावर एक जंगल होतं, आणि त्या जंगलात एक साळुंकी राहत असे. गाण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे तिलाही चांगलं ठाऊक होतं बरं का! दिवस कलला की ती उंबराच्या फांदीवर मंडळी जमवी. घुमणारा होला, खोल आवाजाचा म्हातारा भारद्वाज, बडबडे बुलबुल, सगळे ओळीनं बसत आणि सांजगाणं म्हणत. ते गाणं नुसतं कानाला गोड लागावं म्हणून नव्हतं, मुलांनो. दिवसभर उंच गवतात हुंदडणारी लाव्यांची पिल्लं त्या आवाजाच्या रोखानं घरी येत. गवत त्यांच्या डोक्याच्या वर, त्यांना दिसणार काय? ऐकू येईल तीच त्यांची वाट.

साळुंकीची शिस्त मोठी कडक. सूर एक, ताल एक, आणि ओळ संपली की सगळ्यांनी श्वासही एकदमच घ्यायचा. "कसं टाळी वाजवल्यासारखं थांबलं पाहिजे!" ती म्हणे. त्यांतली एक लावी एकदा भीत भीत बोलली होती, "बाई, गाणं थांबलं ना, की माझी पिल्लंही थांबतात. घटकाभर तिथल्या तिथे गिरक्या घेतात." त्यावर साळुंकी हसून म्हणाली, "अगं, थांबल्याशिवाय का गाणं होतं?" आणि ती गोष्ट तिथेच राहिली.

त्या वर्षी पलीकडचं तळं आटलं. तिथली पाखरं दाही दिशांना पांगली आणि एक पाणकोंबडी एकटीच चालत चालत या जंगलात आली. तळ्यावर त्यांच्यात सकाळ-संध्याकाळ एकमेकींना साद घालायची रीत होती. इथे तिनं साद घातली, तर उलट कोणी बोलेना. आपलाच आवाज आपल्याला परका वाटावा, तशी गत झाली बिचारीची. तिनं ठरवलं, इथेही कोणी आपल्याला सोबत घेतलं नाही, तर चालत राहायचं, पाय नेतील तिकडे. एका संध्याकाळी सांजगाणं तिच्या कानी पडलं आणि ती उंबराखाली येऊन उभी राहिली.

"मला घ्याल का तुमच्यात?" तिनं विचारलं.

"ये की! वर ये," होला म्हणाला आणि थोडा सरकला.

पण तालमीत पंचाईत झाली. सगळे श्वासाला थांबले तरी ही आपली मागे एकटीच "क्वाक, क्वाक" चालू! आणि सगळ्यांनी पुढची ओळ उचलली की हिचा श्वास घेणं चाललेलं.

"अहो पाणकोंबडीबाई, आमची वरात पुढे गेली, तुम्ही अजून मांडवातच!" एक बुलबुल म्हणाला. बाकीचे खुदकन हसले.

पाणकोंबडी ओशाळून म्हणाली, "तळ्यावर आम्ही कधी एकदम थांबत नव्हतो. सवय नाही हो मला."

साळुंकी काही दुष्ट नव्हती, पण गाणं बिघडलेलं तिला खपत नसे. ती म्हणाली, "असं कर, सवय होईपर्यंत तू कडेला बस. चोच हलव, आवाज मात्र काढू नकोस."

पाणकोंबडी कडेला बसली. रोज चोच हलवी आणि सगळं गाणं मनातल्या मनात म्हणे. होला तेवढा जाताना विचारी, "उद्या येणार ना?" तेवढ्यासाठी ती राहिली म्हणा ना.

मग एका थंडीच्या दिवशी सूर्य बुडायच्या आतच नदीवरून धुकं चढलं. असलं दाट, की शेजारची फांदी दिसेना. लाव्यांची पिल्लं चाचपडत घरी आली, पण एका लावीचं सगळ्यात धाकटं पिल्लू मागेच राहिलं. आणि ती वेळ कोल्ह्याच्या फिरतीची! लावी उंबराखाली धावत आली. "बाई, मोठ्यानं गा हो! माझं लेकरू आत राहिलंय!"

मंडळी जीव तोडून गाऊ लागली. पण झालं काय, जितकं मोठ्यानं गावं, तितका दम लवकर संपे, आणि सगळे एकदम थांबले की तितकीच मोठी शांतता पसरे. त्या शांततेत पिल्लाची चिवचिव ऐकू येई. आधी उजवीकडून आली. पुढच्या खेपेला डावीकडून. मग आली ती पार नाल्याच्या कडेकडून, जिथे कोल्ह्याची ये-जा असे.

पाणकोंबडीला राहवलं नाही. सगळ्यांचा दम संपला, आणि तिनं चोच उघडली. "क्वाक! क्वाक! क्वाक!" गोड नाही, की तालात नाही, पण शांतता काही तिनं पडू दिली नाही.

"गप्प!" साळुंकी ओरडणार, तोच म्हातारा भारद्वाज म्हणाला, "थांब गं बाई, ऐक. पिल्लू वळलं."

खरंच, चिवचिव जवळ येत होती. पाणकोंबडीचा दम संपत आला तशी तिनं होल्याकडे पाहिलं. होल्याच्या छातीत ताजा श्वास होता, त्यानं सूर उचलला. तो थकला तशी साळुंकी गायली, तिच्यामागून भारद्वाज. एक थांबे तोवर दुसरा तयार. आवाजाचा धागा काही तुटला नाही, आणि त्या धाग्याला धरून पिल्लू आलं. भिजलेलं, थरथरणारं. पाणकोंबडी कधीच खाली उतरून सूर धरत उभी होती. ते थेट तिच्या पायांशी येऊन बसलं. लावी धावली, पण पाहते तर पाणकोंबडीनं त्याला आपल्या पंखाखाली घेतलंही होतं.

साळुंकी हळूच खाली उतरली. "मी तुला गप्प बसवत होते," ती म्हणाली, "आणि आमच्या गाण्याला जिथे भोक होतं, नेमकी तिथे तू गात होतीस. वर चल. कडेला नाही, मधे."

तेव्हापासून उंबरावर नवीन कोणी आलं, की साळुंकी "सूर येतो का?" असं विचारत नाही. ती विचारते, "बाबा रे, तुझा दम कुठे संपतो?" परवाच एक बेडूक आला. तो म्हणाला, "माझा तर सुरू करतानाच संपतो!" सगळी फांदी हसली, बेडूकही हसला. आणि पाणकोंबडी त्याला म्हणाली, "मग माझ्याजवळ बस. माझा उशिरा संपतो."

तात्पर्य : नव्यानं आलेल्याला घाईनं आपल्यासारखं करू नये, आपला दम जिथे संपतो, तिथून पुढे तोच नेत असतो.